नकार द्यायला शिकवणारा तास हवा : दिव्यांग कल्याण आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
दिव्यांग कल्याण आयुक्तालय, महाराष्ट्र राज्य, पुणे

विषय : बौद्धिक दिव्यांग तरुण-तरुणींना मोबाइल व इंटरनेटच्या सुरक्षित वापराचे शिक्षण कार्यशाळांच्या नियमित वेळापत्रकात समाविष्ट करण्याबाबत.

महोदय,

अमरावती जिल्ह्याच्या पश्चिमेकडील खारपाणपट्ट्यात, १८ वर्षांवरील बौद्धिक दिव्यांगांसाठी चालणाऱ्या एका कार्यशाळेत मी विशेष शिक्षिका आहे. आमच्याकडे आसपासच्या खेड्यांतून येणारे प्रशिक्षणार्थी, ज्यांना सवयीने सगळे ‘मुले’ म्हणतात पण ज्यांतील काहींनी तिशी ओलांडली आहे, कागदी पिशव्या आणि फाइली तयार करतात, राखीपौर्णिमेआधी राख्या करतात आणि दिवाळीआधी पणत्या रंगवतात. या कामांची नोंद होते, तपासणी होते, आणि ती व्हायलाही हवी. मात्र गेल्या काही वर्षांत त्यांचे आयुष्य सर्वांत जास्त बदलले ते मोबाइलने, आणि तो नीट कसा वापरावा हे शिकवायला आमच्या वेळापत्रकात एकही तास नाही. हे पत्र त्या तासाच्या मागणीसाठी आहे. ते खुले ठेवले आहे, कारण हा प्रश्न विदर्भातल्या गावोगावच्या आईवडिलांचाही आहे आणि त्यांनीही तो वाचावा अशी माझी इच्छा आहे.

आधी मोबाइलची बाजू मांडते, कारण ती सहसा कोणी मांडत नाही. ज्याला अक्षर लागत नाही तो तरुण माइकचे चिन्ह दाबून हवे ते गाणे बोलून शोधतो. पुण्याला कामाला गेलेल्या भावाशी रोज रात्री व्हिडिओ कॉलवर बोलतो. संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान जमा झाल्याचा संदेश आला की स्वतः आईला नेऊन दाखवतो, आणि त्या वेळी घरात त्याचा मान वाढलेला असतो. कार्यशाळा सुटल्यावर गावात त्याच्याशी बोलायला कोणी नसते. त्याच्या वयाची पोरे पानटपरीवर बसतात, त्याला एक तर हाकलतात किंवा त्याची टर उडवतात. मोबाइल त्याला हसत नाही, घाईही करत नाही आणि तेच गाणे शंभर वेळा लावले तरी चिडत नाही. ज्यांना आपण सगळ्यांनी मिळून एकटे पाडले, त्यांच्या हातात ही वस्तू आली आहे. म्हणून तिच्याविषयी बोलताना ‘नसती ब्याद’ या सुरात बोलणे मला अन्यायाचे वाटते.

आता धोक्याविषयी. बाकीच्या गावाला जे धोके आहेत तेच यांनाही आहेत. ‘पीएम किसान’च्या नावाने येणारी, फोनमध्ये परके ॲप बसवणारी एपीके फाइल, लग्नपत्रिकेच्या रूपात येणारी फाइल, ‘केवायसी करा, नाहीतर खाते बंद’ अशी धमकी, बक्षिसाचे पैसे मिळवण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकायला सांगणारा गोड आवाज, हे सर्व आमच्याकडच्या खेड्यापाड्यांत पोहोचले आहे. परंतु बौद्धिक दिव्यांग व्यक्तीच्या बाबतीत आणखी काही गोष्टी घडतात, ज्यांच्याकडे जनजागृतीच्या पत्रकांत लक्ष गेलेले मला दिसले नाही. पहिली गोष्ट भाड्याच्या खात्याची. ‘तुझे पासबुक आणि सिम दोन दिवस दे, हजार रुपये देतो’ असे ओळखीचा माणूस म्हणतो, आणि फसवणुकीचे पैसे फिरवायला त्या खात्याचा उपयोग होतो. पुढे चौकशी येते ती खातेदाराच्या दारात. दुसरी गोष्ट अंगठ्याची. गावातल्या सेवा केंद्रावर आधारच्या आधाराने पैसे काढताना ‘लिंक फेल झाली, पुन्हा अंगठा लाव’ असे सांगून दोनदा अंगठा घेतला गेला, तर ज्याला आकडे कळत नाहीत तो काय हरकत घेणार? तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक आहे, ती म्हणजे मैत्रीच्या नावाखाली मागितले जाणारे फोटो. तिच्यावर मी पुढे स्वतंत्रपणे लिहिणार आहे.

या तिन्ही गोष्टींच्या मुळाशी एकच कारण आहे असे माझे मत आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने बौद्धिक अक्षमतेची जी व्याख्या केली आहे, तिच्यात तर्क करणे, शिकणे, अडचणी सोडवणे यांतील लक्षणीय मर्यादा आणि दैनंदिन व्यवहारातील मर्यादा अशा दोन्हींचा उल्लेख आहे. या मर्यादा खऱ्याच आहेत. पण आमच्या प्रशिक्षणार्थींची फसवणूक होते ती केवळ समज कमी असल्यामुळे होत नाही. लहानपणापासून त्यांना एकच गुण शिकवला गेला आणि त्याच एका गुणाबद्दल त्यांचे कौतुक झाले, हे त्याचे मोठे कारण आहे. तो गुण म्हणजे ऐकणे. सांगितले की बसायचे, सांगितले की उठायचे, ‘सर’ म्हणाले की करायचे. जो लवकर ऐकतो तो गुणाचा, जो ‘नाही’ म्हणतो त्याच्या प्रगतिपुस्तकात ‘हट्टी’ असा शेरा. प्रश्नाचा अर्थ कळला नाही तरी ‘हो’ म्हटले की समोरचा खूश होतो, हे अनुभवाने त्यांच्या अंगवळणी पडलेले असते. अठरा वर्षे असे घडवलेल्या तरुणाला एके दिवशी फोन येतो, पलीकडून एक अधिकारवाणीचा आवाज म्हणतो, ‘मी बँकेतून साहेब बोलतो, मी सांगतो तसे कर’, आणि तो तसे करतो. शाळेने जे शिकवले तेच तो अगदी मन लावून पाळतो.

म्हणूनच ऑनलाइन सुरक्षिततेचे शिक्षण मोबाइलच्या बटनांपासून सुरू होत नाही. ते नकार देण्याच्या सरावापासून सुरू होते.

यावर बहुतेक घरांत शोधलेला उपाय म्हणजे फोन काढून घेणे. ज्या आईचे दोन महिन्यांचे अनुदान एका फोनवर गेले, तिने फोन कपाटात ठेवला तर तिला दोष देण्याचे धाडस मला होत नाही. परंतु फोन काढून घेतलेले आमचे प्रशिक्षणार्थी तो वापरायचे थांबत नाहीत, ते लपून वापरतात. चुलत भावाचा घेतात, गोठ्यामागे बसून पाहतात, आणि काही विपरीत घडले तर सांगत नाहीत, कारण सांगितले की आधी ‘फोन घेतलाच का’ याचा मार बसणार असतो. फसवणाऱ्याला नेमके हेच हवे असते. शिवाय कायद्याच्या दृष्टीनेही ही माणसे प्रौढ आहेत. २०१६ च्या अधिनियमाचे कलम १३ त्यांना इतरांच्या बरोबरीने कायदेशीर क्षमता देते आणि कलम ४२ माहिती व संवाद तंत्रज्ञान त्यांना वापरता यावे अशी जबाबदारी शासनावर टाकते. दुसरीकडे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१७ मध्ये स्पष्ट केले की बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्यातील ‘बालक’ ठरवताना जन्मतारखेनुसार असलेले वय धरायचे, बौद्धिक वय नव्हे. याचा व्यवहारातला अर्थ असा की बौद्धिक वय सात-आठ वर्षांचे असलेली आमची तरुणी अठरा पूर्ण झाल्याच्या दिवशी बालकांसाठीच्या त्या संरक्षणातून बाहेर पडते. त्याच दिवशी तिची विशेष शाळाही संपते. ज्या वयात शिक्षणाची गरज सर्वांत तीव्र होते, नेमक्या त्याच वयात आपण शिकवणे थांबवतो.

बौद्धिक दिव्यांगांच्या विशेष शाळांसाठी राज्याने ‘दिशा’ अभ्यासक्रम आणला. प्रत्येक मुलाची क्षमता पाहून उद्दिष्ट ठरवण्याची शिस्त त्यामुळे येते, हे मी मनापासून मानते. हीच शिस्त अठरानंतरच्या कार्यशाळांत मोबाइलच्या बाबतीत आणावी, एवढेच माझे मागणे आहे.

आता सध्याच्या जनजागृतीविषयी थोडे स्पष्ट लिहिते. वर्षातून एखादे व्याख्यान होते. पाहुणे येतात, पडद्यावर चित्रफीत दाखवतात, शेवटी सर्वांकडून ‘ओटीपी कोणालाही सांगणार नाही’ असे म्हणवून घेतात. सगळे मोठ्याने म्हणतात, टाळ्या होतात, फोटो निघतात. पाहुण्यांचा हेतू चांगलाच असतो. पण आमच्या प्रशिक्षणार्थींना वाक्य पाठ होणे आणि वेळेवर ते वागण्यात उतरणे यांत फार मोठे अंतर असते, आणि विशेष शिक्षणाचे सगळे शास्त्र या अंतरावरच उभे आहे. वर्गात शिकलेले बाजारात जमत नाही, एका फोनवर शिकलेले दुसऱ्या फोनवर जमत नाही, बाईंच्या आवाजात शिकलेले अनोळखी पुरुषी आवाजासमोर जमत नाही. म्हणून सांगणे, करून दाखवणे, करवून घेणे, लगेच दुरुस्त करणे, आणि शेवटी खऱ्यासारख्या प्रसंगात पारखून पाहणे, हे सर्व टप्पे लागतात. दात घासणे शिकवताना आम्ही हे करतो, रस्ता ओलांडणे शिकवताना करतो. फोन उचलणे शिकवताना मात्र एका व्याख्यानावर भागवले जाते.

आमच्या कार्यशाळेत पालकांची आणि स्वतः प्रशिक्षणार्थींची संमती घेऊन आम्ही असा सराव सुरू केला. एक सहकारी शेजारच्या खोलीत जाऊन फोन करतात. ‘मी बँकेतून मॅनेजर साहेब बोलतो, तुझं खातं बंद होऊन राहिलं, लवकर नंबर सांग.’ एक तरुण, जो आमच्याकडे फाइलींना दोरी ओवण्याचे काम फार नेटके करतो, त्याने पहिल्या फेरीत उत्तम उत्तर दिले : ‘नाई सांगत. मायले इचारतो.’ आम्ही शाबासकी देणार एवढ्यात पलीकडून सहकाऱ्यांनी आमचे ठरलेले पुढचे वाक्य टाकले, ‘मायले काहून? तुले समजत नाई काय?’ तो गप्प झाला. कान लाल झाले, फोन दोन्ही हातांनी धरला, आणि ‘समजते मले’ असे म्हणून त्याने सरावासाठी दिलेला नंबर एकेक आकडा सावकाश म्हणत सांगून टाकला. त्याला धोका कळला नव्हता असे नाही. ‘तुला समजत नाही’ हे वाक्य त्याने आयुष्यभर ऐकले आहे, आणि आपल्याला समजते हे सिद्ध करण्याची संधी समोर आली तेव्हा त्याने ती घेतली. कोणत्याही पत्रकात हा धोका छापलेला नाही, पण आमच्या मुलांच्या बाबतीत तोच सर्वांत मोठा आहे. तेव्हापासून आम्ही त्याच वाक्यावर सर्वाधिक सराव घेतो : कोणी चिडवले, ओरडले, लाडात बोलले, रडले, पोलिसाचे नाव घेतले, तरी करायचे तेच.

ते ‘तेच’ अगदी थोडे आहे. पडद्यावरून बोट काढायचे, फोन ठेवायचा, आणि ठरलेल्या माणसाला दाखवायचा. प्रत्येकाची ठरलेली माणसे दोन, कारण एक शेतात असेल तर दुसरा हवा. त्यांचे फोटो फोनच्या पहिल्याच पडद्यावर. याखेरीज एकच नियम आम्ही चित्राने शिकवतो : पैसे येताना पिन लागत नाही, पिन लागला म्हणजे पैसे जात आहेत. लिंक, ॲप, केवायसी, स्क्रीन शेअर असे वेगवेगळे प्रकार समजावत बसलो तर फसवणारे उद्या नवा प्रकार काढतील आणि आमचे प्रशिक्षणार्थी जुन्यातच अडकतील. म्हणून नियम थोडे आणि कृती एकच ठेवणे मला शहाणपणाचे वाटते. प्रधानमंत्र्यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मन की बात’मध्ये डिजिटल अरेस्टबद्दल, म्हणजे पोलीस असल्याचे भासवून फोनवरच ‘अटक’ करणाऱ्या फसवणुकीबद्दल, सावध करताना थांबा, विचार करा, कृती करा असे तीन टप्पे सांगितले होते. सर्वसाधारण नागरिकाला ते योग्यच आहेत. आमच्याकडे मधला टप्पा दुसऱ्या माणसाच्या सोबतीने पार पाडावा लागतो, एवढाच फरक.

शिकवण्याच्या रीतीसाठी दूर जाण्याची गरज नाही. आमच्याच शेंडगावचे गाडगेबाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत, उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत, तेच पुन्हा वळवून विचारत, आणि बोलत ते गावाच्या बोलीत. निरक्षर श्रोत्यांना कठीण विचार असा पोचवता येतो हे या मातीने पाहिले आहे. आपल्या विभागाने साहित्य तयार करवून घ्यावे ते याच रीतीने, ध्वनिफितीत आणि चित्रांत, वऱ्हाडीत. मेळघाटासाठी कोरकूत आणि गडचिरोलीकडे गोंडीतही ते हवे, कारण तिथल्या मुलांना प्रमाण मराठी हीच आधी परकी असते. छापील पुस्तिका मात्र कृपया पाठवू नयेत; त्या कपाटात राहतात.

आता फोटोंचा आणि मैत्रीचा विषय. आमच्याकडच्या एका तरुणीला रोज सकाळी अनोळखी नंबरवरून फुलांचे चित्र आणि ‘शुभ सकाळ’ येत असे. काही दिवसांनी ‘तू छान दिसतेस’, मग ‘फोटो पाठव’, मग ‘असा नको, तसा पाठव’. तिने ते आम्हाला दाखवले, कारण दाखवायचे हे तिच्या अंगी मुरले होते. आणि आम्ही तिला रागावलो नाही म्हणून पुढचेही दाखवत राहिली. तिच्याशी बोलताना लक्षात आले की तिला ‘छान दिसतेस’ असे त्याआधी कोणी म्हटल्याचे आठवत नव्हते. अशा मुलीला फक्त ‘अनोळखी माणसाशी बोलू नको’ असे सांगणे अपुरे आहे. तिला शरीराविषयी, खाजगीपणाविषयी, कोणाला काय दाखवायचे याविषयी सरळ शब्दांत शिकवावे लागते. आम्ही जमिनीवर खडूने घर, अंगण, गल्ली, गाव आणि बाहेरगाव अशी वर्तुळे आखतो, ओळखीच्या-अनोळखी माणसांचे फोटो हातात देतो आणि प्रत्येकाला त्याच्या जागी ठेवायला सांगतो. मग विचारतो : या वर्तुळातल्या माणसाला नाव सांगायचे का? गाव? फोटो? कपड्यांतला कोणता? फोनमधून आलेला माणूस कितीही गोड बोलला तरी तो कोणत्या वर्तुळात? हे शिकवताना काही पालक बिचकतात. ‘यांना कशाला हे विषय’ असे म्हणतात. ज्यांना ते विषय कोणीच शिकवले नाहीत त्यांना ते फसवणारा शिकवतो, एवढेच मी त्यांना सांगते. याबरोबर मैत्रीची खरी सोयही हवी. कार्यशाळेतल्या मुलांचा आपला व्हॉट्सॲप गट, संध्याकाळी एकमेकांना आवाजी निरोप, महिन्यातून एकदा सुटीच्या दिवशी एकत्र येणे, याने अनोळखी ‘शुभ सकाळ’ची किंमत कमी होते. त्यांना मैत्री करण्याचा आणि प्रेम करण्याचाही हक्क आहे, हे गृहीत धरूनच सुरक्षितता शिकवावी, भीती घालून नव्हे.

आणखी एक गोष्ट आम्हा शिक्षकांना आणि पालकांना जड जाईल, पण ती टाळून चालणार नाही. नकार शिकवायचा तर तो आम्हालाही द्यायची मोकळीक हवी. ‘बाई, माझा फोन नका पाहू’ असे एखाद्याने म्हटले तर त्याचे ऐकावे लागेल आणि विश्वास मिळवून मगच तो पाहावा लागेल. आज चहा नको, आज हे काम नको, हा फोटो संस्थेच्या पानावर टाकू नका, असे छोटे नकार दिवसभरात मानले गेले, तर मोठा नकार द्यायचे बळ येते. भाड्याच्या खात्याचे आणि अंगठ्याचे प्रकार तर बहुधा ओळखीतल्याच माणसाकडून होतात. तिथे अनोळखी माणसापासून सावध राहण्याची शिकवण निरुपयोगी आहे. काका असले तरी पासबुक द्यायचे नाही, हे म्हणायला घरातच परवानगी असली पाहिजे.

पालकांच्या हाती काही साधने आहेत, ती त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत. आधारचे बायोमेट्रिक लॉक करता येते आणि पैसे काढण्यापुरते उघडता येते. हे माहीत असलेला पालक मला क्वचितच भेटतो. ऑगस्ट २०२४ पासून ‘यूपीआय सर्कल’ ही सोय उपलब्ध आहे, ज्यात घरचा विश्वासू माणूस आपल्या खात्यावरून दुसऱ्याला व्यवहार करू देतो. एका पद्धतीत महिन्याला जास्तीत जास्त १५,००० आणि एका व्यवहारात ५,००० रुपयांच्या आत मर्यादा घालून देता येते. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक व्यवहाराला मुख्य खातेदाराची मंजुरी लागते. किराणा दुकानात स्वतः पैसे देण्याचा आनंद टिकवून नुकसान आटोक्यात ठेवणारी ही सोय शिकाऊ तरुणांसाठी उत्तम आहे, फक्त ती कायमची दोरी होऊ नये. अशा गोष्टी दाखवायला पालक सभा हव्यात, आणि त्या पेरणीच्या किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत कोणी ठेवू नयेत. आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्याला आलेले पालक तासभर थांबतात, हा आमचा अनुभव आहे.

एवढे करूनही फसवणूक होईल, तेव्हा काय? सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर तातडीने तक्रार केली तर पैसे पुढे जाण्याआधी अडवले जाण्याची शक्यता असते. पण तिथे रक्कम, वेळ, व्यवहाराचा क्रमांक विचारतात, आणि ते सांगणे आमच्या प्रशिक्षणार्थीला एकट्याने शक्य नसते. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतःच पिन किंवा ओटीपी दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, त्यानंतरचे बँकेचे. म्हणजे बँकेला कळवण्यात एक रात्र जाणेही महाग पडते. एका आईला बँकेच्या शाखेत ‘पिन त्यानेच टाकला ना, मग आम्ही काय करणार’ एवढेच उत्तर मिळाले; तक्रार नोंदवून घेण्याचे कोणी सुचवले नाही. लैंगिक अत्याचाराच्या ठरावीक गुन्ह्यांत पीडित व्यक्ती दिव्यांग असेल तर तिची तक्रार तिच्या घरी किंवा सोयीच्या जागी, विशेष शिक्षक वा दुभाष्याच्या उपस्थितीत नोंदवावी अशी तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. पैशांच्या फसवणुकीतही ही पद्धत स्वेच्छेने पाळण्याची विनंती आपण गृह विभागाला करावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ७ नुसार शोषणाची माहिती कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना देता येते आणि पोलिसांनी तक्रारदाराला त्याबद्दल सांगणे बंधनकारक आहे. त्याच अधिनियमाचे कलम ४७ पोलिसांच्या प्रशिक्षणात दिव्यांगांच्या हक्कांचा विषय असावा असे म्हणते. तालुक्याच्या ठाण्यापर्यंत हे उतरले पाहिजे. बौद्धिक दिव्यांग आदींसाठीच्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती प्रत्येक जिल्ह्यात पालकत्वाचे अर्ज पाहते. ज्यांचे खाते दुसऱ्याने वापरले अशा दिव्यांगांची प्रकरणेही तिच्यासमोर यावीत. फसवणुकीत सापडलेला आमचा तरुण ठाण्यात आरोपी म्हणून बसवला जाऊ नये, ही माझी सर्वांत मोठी काळजी आहे.

आता नेमकी मागणी. प्रत्येक कार्यशाळेच्या वेळापत्रकात आठवड्यातून निदान दोन तास या विषयाला द्यावेत, आणि ते तास व्याख्यानाचे नसून सरावाचे असावेत. सरावासाठी जुने का होईनात, चालू फोन आणि सिम द्यावेत, कारण चित्रातल्या फोनवर हे शिकवता येत नाही. विशेष शिक्षकांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी भारतीय पुनर्वास परिषदेचे सीआरई, म्हणजे निरंतर पुनर्वसन शिक्षणाचे, गुण लागतातच. त्या प्रशिक्षणांत हा विषय आणण्याचा प्रस्ताव आपल्याकडून गेला तर शिक्षकही तयार होतील. खर्चाचा प्रश्न फार मोठा नाही. ग्रामपंचायती, नगरपरिषदा आणि जिल्हा परिषदांनी स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा आहे. त्यातून काय घेता येईल याच्या यादीत सराव-फोन आणि प्रशिक्षकाचे मानधन यांचा स्पष्ट उल्लेख आपल्या परिपत्रकाने केला, तर ग्रामसेवकाला निर्णय घेणे सोपे जाईल. आणि शिकवणाऱ्यांत आमचे काही प्रशिक्षणार्थीही असू द्यावेत. वर उल्लेख केलेला तरुण आता नव्यांना फोन ठेवायला शिकवतो, आणि माझ्यापेक्षा त्याचे ते लवकर ऐकतात.

जे कार्यशाळेपर्यंत पोचतच नाहीत त्यांचे काय, हा प्रश्न उरतो आणि तो मोठा आहे. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १५ लाख बौद्धिक दिव्यांगांची नोंद झाली होती, आणि अनेक तालुक्यांत अठरानंतरची एकही कार्यशाळा नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या वझ्झर येथे अनाथ दिव्यांग मुलांचा सांभाळ करणारे पद्मश्री शंकरबाबा पापळकर अठरानंतर या मुलांनी जायचे कुठे, हा प्रश्न अनेक वर्षे शासनासमोर मांडत आले आहेत. त्यांच्यापुढे अनाथ मुले होती. घरात आईवडील असलेल्यांचीही अठरानंतरची रिकामी वर्षे तशीच आहेत, फरक इतकाच की आता त्या रिकाम्या वर्षांत मोबाइल आहे. आशा कार्यकर्त्या आणि विशेष शिक्षक यांनी मिळून घरी जाऊन महिन्यातून दोन वेळा सराव घ्यावा, अशी छोटी योजना एखाद्या तालुक्यात करून पाहता येईल. आमचा तालुका त्यासाठी तयार आहे.

आम्ही वापरतो ती चित्रे, वऱ्हाडीतले सरावाचे संवाद आणि नोंदीचे तक्ते आपल्या कार्यालयाला द्यायला मी तयार आहे; त्यावर माझा कोणताही हक्क नाही. आपण किंवा आपले अधिकारी कोणत्याही मंगळवारी अथवा गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास आलात, तर सराव चालू असलेला पाहता येईल. पूर्वसूचना देण्याची गरज नाही. फक्त येताना स्वागत-सत्काराचा कार्यक्रम नको असे कळवावे, म्हणजे तासात खंड पडणार नाही.

आपली विश्वासू,
एक विशेष शिक्षिका
अमरावती जिल्हा